वहिनी, नाव बदलू नका. आधी बिलांचा गठ्ठा उघडा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मंगळवार पेठेत राहते. सासूबाईंच्या हातची कांदा-लसूण चटणी आम्ही २०१४ पासून पाकिटात घालून विकतो. नाव ‘थोरल्या आक्कांची चटणी’. पाकीट लाल, त्यावर नथ घातलेल्या सासूबाईंचं चित्र. २०१९ पासून पुण्यातल्या एका दुकानदाराला आम्ही माल देत होतो. गेल्या दिवाळीपासून त्याची मागणी एकदम थांबली. परवा पुतण्या पुण्याला गेला तेव्हा त्याला एका दुकानात आमच्याच नावाचं पाकीट दिसलं. तसंच लाल, तसंच नथीचं चित्र, फक्त खाली पत्ता पुण्याचा. फोन केला तर तो म्हणाला, “वहिनी, टीएम माझ्या नावावर झालाय. आता तुम्हीच नाव बदला, नाहीतर नोटीस येईल.” आमच्याकडे शॉप ॲक्ट आहे, जीएसटी आहे, एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन आहे. मग नाव आमचं नाही का? आमचे हे म्हणतात, कोर्टाची पायरी नको, नाव बदलून मोकळे होऊ. सासूबाई दोन दिवस नीट जेवलेल्या नाहीत. आणि नाव बदलायचंच झालं तर ‘कोल्हापुरी झणझणीत चटणी’ असं ठेवून तेच नोंदवून टाकलं तर चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार वहिनी,

नाव बदलू नका. निदान हे उत्तर वाचून त्यातली कामं होईपर्यंत तरी नाहीच.

‘टीएम माझ्या नावावर झालाय’ हे तो फोनवर म्हणाला. टीएम म्हणजे ट्रेडमार्क, मालाचं ओळखीचं नाव किंवा चिन्ह. अर्जाचा नंबर सांगितला नाही, दाखला दाखवला नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या लोकांना असाच कोणाचा तरी फोन आलेला असतो. नावाशेजारी बारीक अक्षरात ‘टीएम’ छापायला कोणाचीही परवानगी लागत नाही. तुम्हीसुद्धा पाकिटांच्या पुढच्या लॉटवर ते छापू शकता, आणि छापाच. त्याचा अर्थ एवढाच की हे नाव आम्ही आमचं मानतो. नोंदणी पूर्ण झाल्यावर लावता येतं ते वर्तुळातलं ‘आर’. नोंदणी नसताना ते लावणं कायद्याने गुन्हा आहे. पुतण्याने जे पाकीट पाहिलं त्यावर यातलं काय छापलंय, ते त्याला आठवत असेल तर आत्ताच एका कागदावर लिहून ठेवा.

आता तुमचा प्रश्न. शॉप ॲक्ट, जीएसटी, एफएसएसएआय, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) यांतल्या कोणत्याही दाखल्याने नावावर हक्क येत नाही. शॉप ॲक्ट सांगतो की इथे धंदा चालतो. एफएसएसएआय सांगतं की हा माणूस या पत्त्यावर खाण्याची वस्तू बनवतो. ब्रँडचं नाव कोणाचं, हे यातलं कोणतंच खातं तपासत नाही. ते काम ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं. महाराष्ट्रासाठी तिचं कार्यालय मुंबईला आहे, पण अर्ज, तपास आणि उत्तरं सगळं आता ऑनलाइन चालतं. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा, अंमलात आला सप्टेंबर २००३ मध्ये. तरीही लक्ष्मीपुरीतले जुने व्यापारी अजून मला म्हणतात, “आमचं नाव म्युनिसिपालिटीत नोंद आहे की.” तेव्हा तुमची समजूत चुकली असेल तर वाईट वाटून घेऊ नका.

मात्र हे दाखले फेकायचे नाहीत. त्यांनी हक्क येत नसला तरी तारीख सिद्ध होते, आणि तुमचं सगळं प्रकरण तारखेवरच उभं आहे.

पहिलं काम आज रात्री बसून करा. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर सार्वजनिक शोधाची सोय आहे, पैसे पडत नाहीत. तिथे वर्ग ३० निवडा. मसाले, चटणी, चहा, पीठ, मिठाई हे सगळं त्या वर्गात येतं. एकूण ४५ वर्ग आहेत, ३४ मालाचे आणि ११ सेवांचे. नाव इंग्रजी अक्षरांत टाका आणि एकाच स्पेलिंगवर थांबू नका. ‘थोरल्या’ला एच लावून, न लावून, ‘आक्का’ एका के ने, दोन के ने असं सगळं शोधा. उच्चाराने जवळची नावं शोधायचा वेगळा पर्याय आहे, तोही वापरा. अर्ज सापडला की त्यात चार गोष्टी बघा: अर्जाची तारीख, अर्जदाराचं नाव, सध्याची स्थिती, आणि नाव कधीपासून वापरतो म्हणून त्याने लिहिलंय ती तारीख. तिथे एकतर ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’ असेल, म्हणजे अजून वापर सुरूच नाही. किंवा एखादी तारीख असेल. त्याने २०१९ ची तारीख टाकली असेल तर माझ्या मते त्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. २०१९ मध्ये तो तुमचा माल विकत होता.

स्थितीच्या रकान्यात काय आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. ‘ऑब्जेक्टेड’ असेल तर रजिस्ट्रीनेच हरकत काढलेली आहे, प्रकरण अजून कच्चं आहे. ‘ॲक्सेप्टेड अँड ॲडव्हर्टाईज्ड’ असेल तर मात्र दिवस मोजायला लागा. रजिस्ट्री दर सोमवारी जर्नल काढते. मान्य झालेला अर्ज त्यात छापून येतो आणि तिथून चार महिन्यांत कोणालाही विरोध दाखल करता येतो. या चार महिन्यांना मुदतवाढ नाही. आजारपण, लग्नसराई, पंचगंगेचा पूर, काहीही सांगितलं तरी चालत नाही. विरोध टीएम-ओ नावाच्या फॉर्मवर करायचा, ऑनलाइन सरकारी फी एका वर्गाला २,७०० रुपये. विरोधाची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत त्याला उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर त्याने अर्ज सोडून दिला असं धरतात. अशा चोरट्या अर्जांतली बरीच प्रकरणं इथेच संपलेली मी पाहिली आहेत, कारण उत्तर म्हणजे सहीनिशी म्हणणं मांडणं, आणि खोटं लिहायला फोनवर बोलण्यापेक्षा जास्त धीर लागतो.

आणि समजा ‘रजिस्टर्ड’ असं आलं, तरी हातपाय गाळू नका. झालेली नोंद काढून टाकण्याचा अर्ज करता येतो, रजिस्ट्रारकडे किंवा उच्च न्यायालयात. त्याहून महत्त्वाचं कलम ३४. नोंदणी झालेल्या मालकालासुद्धा, जो माणूस त्याच्या वापराच्या आणि त्याच्या नोंदणीच्या आधीपासून तेच नाव सलग वापरतोय, त्याला अडवता येत नाही. तुमचं २०१४, त्याचं फार तर गेल्या दिवाळीचं. ‘सलग’ हा शब्द लक्षात ठेवा. मध्ये दोन-तीन वर्षं धंदा बंद ठेवला असेल तर वकिलाला आधीच सांगा, त्यांच्यापासून लपवू नका.

तमिळनाडूत तिरुनेलवेलीला हलव्याचं एक जुनं दुकान आहे, ‘इरुट्टुकडै’. अर्थ अंधारं दुकान. मिणमिणत्या दिव्याखाली हलवा विकायचे म्हणून लोकांनीच ते नाव पाडलं. दुसऱ्या एकाने त्याच नावाला गावाचं नाव जोडून हलवा विकायला सुरुवात केली आणि स्वतःची नोंदणीही मिळवली. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१५ च्या निकालात न्यायालयाने साफ सांगितलं की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नंतरच्या नोंदणीपेक्षा वरचा आहे. म्हणून तुमच्या यजमानांना सांगा की हा लढा हरलेला नाही. अजून सुरूही झालेला नाही.

पण ‘आधीपासून’ हे कागदाने दाखवावं लागतं. इथे मला तुमची खरी काळजी वाटते, म्हणून इथे जरा जास्त थांबते.

गेल्या उन्हाळ्यात शाहूपुरीतल्या एका काकूंच्या माळ्यावरून आम्ही पत्र्याची ट्रंक खाली घेतली. त्यांचा पापडाचा धंदा, नावाचं भांडण असंच. ट्रंकेत बारा वर्षांची बिलबुकं होती. काकू आनंदाने म्हणाल्या, “बघा, सगळं जपलंय.” आम्ही जमिनीवर बसून एकेक पान उलटत गेलो. कार्बनची अक्षरं उडालेली, आणि जिथे वाचता येत होतं तिथे लिहिलेलं ‘पापड १० किलो’, ‘उडीद पापड ५ पुडे’. पानामागून पान, ब्रँडचं नाव एकाही ठिकाणी नाही. का असेल? पेठेत सगळे ओळखीचे, बिलावर पूर्ण नाव कोण लिहितो? तिसऱ्या तासाला ट्रंकेच्या तळाशी एका छापखान्याचं बिल सापडलं, ‘लेबल २०००’, आणि त्याच्या कोपऱ्याला गंजलेल्या पिनेने टाचलेलं लेबलचं प्रूफ. नाव, चित्र, तारीख तिन्ही एकत्र. बारा वर्षांच्या बिलबुकांनी जे केलं नाही ते त्या एका गंजक्या पिनेने केलं.

तुमच्याकडे काय असेल याचा मी अंदाज बांधते. पाकीट छापणाऱ्याकडे नावाचा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, करावा लागतो आणि त्याचं वेगळं बिल असतं. ते शोधा. तुमच्याकडे नसेल तर छापणाऱ्याकडे ऑर्डरची नोंद असते, नम्रपणे मागा, बहुतेक जण देतात. एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे पाकिटावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि नंबर छापावा लागतो. म्हणजे २०१९ पासून त्या पुणेकराने जी पाकिटं विकली त्यांच्यावर ‘मंगळवार पेठ, कोल्हापूर’ असंच छापलेलं होतं. अशी जुनी रिकामी पाकिटं घरात, माहेरी, नातेवाइकांच्या डब्यांत जिथे असतील तिथून गोळा करा. पॅकिंगची तारीख असलेली तर सोन्यासारखी. प्रदर्शनांच्या पावत्या काढा, भीमथडीला किंवा बचत गटांच्या विक्रीला स्टॉल लावला असेल तर त्या. स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील तर ते पूर्ण पान, नुसतं कात्रण नको, म्हणजे तारीख दिसेल.

आणि त्या दुकानदाराला दिलेली बिलं! तुमच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचे कागद ते. त्यांच्यावर ‘थोरल्या आक्कांची चटणी’ असं लिहिलेलं असेल तर नाव तुमचं आहे हे त्याला माहीत होतं, हे त्याच्याच खरेदीने सिद्ध होतं. माहीत असून दुसऱ्याचं नाव आपल्या नावावर करायला जाणं याला कायदा वाईट हेतू म्हणतो आणि रजिस्ट्रारला तो बघावा लागतो. बिलांवर नुसतं ‘चटणी’ असेल, तर व्हॉट्सॲपवरच्या त्याच्या ऑर्डरी बघा. “वहिनी, थोरल्या आक्का ५० पाकिटं पाठवा” असं त्याने कधीतरी लिहिलं असणारच. तो फोन आता बदलायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही, चॅट पुसायचं नाही. संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून दोन ठिकाणी ठेवा. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत एक प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील तयार करतील. नुसते स्क्रीनशॉट काढून फोन विकून टाकला तर मग काहीच करता येत नाही.

उद्यापासून बिलिंगमध्ये वस्तूचं नाव पूर्ण टाका: ‘थोरल्या आक्कांची चटणी, २५० ग्रॅम’. शेजारच्या काकूंना दिलेल्या पाव किलोलासुद्धा.

पुतण्याला पुन्हा पुण्याला पाठवा. भांडायला नाही, खरेदीला. दोन-तीन वेगवेगळ्या दुकानांतून एकेक पाकीट घ्यायचं, प्रत्येक वेळी छापील बिल मागायचं, पैसे यूपीआयने द्यायचे. पाकिटं फोडायची नाहीत, चव बघायची नाही. बिल पाकिटाला जोडून पिशवीत ठेवायचं. दुकानदाराशी वाद नको, ओळखही सांगायची नाही. सासूबाईंना कुतूहल वाटेल की आत कसली चटणी भरलीय, पण त्यांनाही फोडू देऊ नका. हवं तर त्यांच्यासाठी एक जास्तीचं आणा. (कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे चटणी म्हणजे ताटात डाव्या बाजूला वाढतात ती नव्हे. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कांदा-लसूण-खोबरं भाजून, डंकावर कुटून आणलेला वर्षभराचा लाल मसाला म्हणजे चटणी. तिच्यावरून घर ओळखतात. म्हणूनच त्या आजी जेवल्या नाहीत.)

तुमचा स्वतःचा अर्जही लगेच करा, त्याचं प्रकरण निकाली निघायची वाट बघू नका. फॉर्म टीएम-ए, वर्ग ३०. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन सरकारी फी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००, दर वर्गाला. एजंट किंवा वकिलाची फी वेगळी, ती आधी विचारून कागदावर घ्या. लोणचीही करत असाल तर तो वर्ग २९. उद्या खानावळ काढायचा विचार असेल तर ४३. पण उगाच पाच-सहा वर्गांत अर्ज करा म्हणून कोणी मागे लागलं तर नको म्हणा. ज्या मालाचा धंदा नाही आणि करायचाही नाही, त्यात पैसे घालू नका. नोंद झाल्यावर पाच वर्षं नाव वापरलंच नाही तर त्या कारणाने ती काढून टाकता येते.

दोन अर्ज करावेत असं माझं मत आहे. एक नुसत्या शब्दांचा, साध्या अक्षरांत, रंग-चित्राशिवाय. दुसरा पूर्ण पाकिटाच्या लेबलचा. पैसे एकाच अर्जापुरते असतील तर शब्दांचा आधी. लेबल तुम्ही चार वर्षांनी बदलाल, शब्द तेच राहतील. अर्जात नाव देवनागरीत द्याल तर सोबत त्याचा इंग्रजी उच्चार आणि अर्थही द्या. शिवाय ज्याने सासूबाईंचं चित्र काढलं त्या चित्रकाराकडून दोन ओळी लिहून घ्या की पैसे मिळाले आणि चित्राचे सगळे हक्क तुम्हाला दिले. तो ओळखीतला असेल, आज हसत सही करेल. उद्या कोणी त्यालाच गाठलं तर पंचाईत.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे घरात बसून ठरवा. जीएसटी कोणाच्या नावावर आहे? बिलं कोणाच्या नावाने फाटतात? अर्जदार तोच हवा. धंदा तुमच्या यजमानांच्या नावावर आणि अर्ज भावाच्या नावावर, असल्या गुंत्याने पुढे घरातच भांडणं लागतात. धंदा सासूबाईंनी उभा केला आणि राबता तुम्ही, तर दोघींची भागीदारी करून त्या नावाने अर्ज करण्याचा विचार करा. हे मी कायद्यापेक्षा जास्त तुमच्या पत्रावरून सांगते आहे. पूर्ण पत्रात धंद्याबद्दल तुम्ही ‘आम्ही’ लिहिलंय, पण निर्णय मात्र ‘हे म्हणतात’.

वापराची तारीख २०१४ लिहायची तर सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे द्यावे लागतात. सासूबाई २००८ पासून आळीत चटणी देत होत्या हे खरं असेल, पण त्याचा कागद नसेल तर ते लिहू नका. एक तारीख खोटी पडली की बाकीच्या खऱ्या तारखांवरही संशय येतो. २०१४ भरपूर आहे.

अर्जात ईमेल आणि मोबाइल स्वतःचा द्या. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, कारण हे दुःख मी जवळून पाहिलंय. एका फरसाणवाल्यांच्या अर्जात एजंटने स्वतःचा ईमेल घातला होता. रजिस्ट्रीची हरकत त्या ईमेलवर आली. उत्तर द्यायला एक महिना असतो, तो गेला. अर्ज रद्द झाला. मालकांना तीन वर्षांनी कळलं, तोवर त्यांनी पाकिटांवर वर्तुळातलं ‘आर’ छापून गावभर माल दिला होता. माणूस सज्जन होता, कोणाला फसवायचं मनात नव्हतं. माझ्यासमोर बसून नुसता पाकिटाकडे बघत राहिला. तुम्ही दर पंधरा दिवसांनी स्वतः अर्जाचा नंबर टाकून स्थिती बघत जा. आणि जर्नलमध्ये नाव आलं की घरी छापील पत्रं येऊ लागतात, सरकारी दिसणारी, ‘अमुक रक्कम भरा नाहीतर नोंद रद्द’ अशी. सरकारी फी फक्त सरकारी पोर्टलवर भरायची. शंका आली तर पत्र घेऊन वकिलाकडे जा.

सगळं सुरळीत झालं तरी साधारण वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. विरोधाचं प्रकरण असेल तर काही वर्षं. पण एकदा नोंद मिळाली की ती अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून आजचा दिवस उद्यापेक्षा महाग आहे. नोंद दहा वर्षं चालते, मग नूतनीकरण, ऑनलाइन ९,००० रुपये. नोंदणीचा आणखी एक फायदा तुमच्यासारख्यांना फार कामाचा आहे. नोंद झालेल्या नावाची नक्कल झाली तर आपण जिथे धंदा करतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. म्हणजे पुढच्या वेळी त्याला इथे कसबा बावड्याच्या कोर्टात यावं लागेल, तुम्हाला पुण्याला नाही. तोवर, नोंद नसतानाही, आपला माल म्हणून दुसऱ्याचा माल खपवल्याचा दावा आहेच. हा दावा मात्र तो माल जिथे विकला जातो तिथल्या कोर्टात लावायचा असतो.

आता ‘कोल्हापुरी झणझणीत चटणी’बद्दल. नोंदवायला गेलात तर परत येईल. कोल्हापुरी हे गाव सांगतं, झणझणीत हे गुण सांगतं, चटणी ही वस्तूच. हे तिन्ही शब्द लक्ष्मीपुरीतल्या प्रत्येक व्यापाऱ्याला वापरायचे असतात, म्हणून कलम ९ ते कोणा एकाच्या नावावर करत नाही. तुमच्या नावात जपण्यासारखं आहे ते ‘थोरल्या आक्का’. मसाल्याशी त्या शब्दांचा काही संबंध नाही, आणि म्हणूनच ते भक्कम आहेत. गावाच्या नावासाठी कायदा वेगळा आहे, भौगोलिक निर्देशनाचा. त्याखाली कोल्हापूरचा गूळ २०१४ मध्ये नोंदला गेला आणि कोल्हापुरी चप्पल २०१९ मध्ये, तीही महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी मिळून. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्रादा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या चपलांसारख्या चपला दाखवल्या तेव्हा पापाच्या तिकटीवर किती संताप होता ते तुम्ही पाहिलंच आहे. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ती फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते त्या नोंदणीचे मालक नव्हते. दाद मागायची तर नोंदणीधारकांनी यावं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. माझ्या मनाला ते लागलं होतं. पण तुमच्या बाबतीत मालक घरातच आहेत आणि त्यांना कोणाची वाट बघायची नाही.

यजमानांची भीती मी हलकी समजत नाही. कोर्टाचा वेळ, पैसा, डोक्याचा ताप खरा असतो. पण पहिली पायरी कोर्टाची नाहीच. वकिलाकडून एक नोटीस, सोबत २०१४ च्या पुराव्याच्या दोन-तीन प्रती आणि त्याच्याच ऑर्डरींची यादी. पुष्कळ माणसं तिथेच नरम पडतात, कारण त्यांनी गृहीत धरलेलं असतं की कोल्हापूरच्या या बाईकडे कागद नसतील. तडजोड करायला तयार झाला तर त्याने अर्ज मागे घ्यावा, उरलेली पाकिटं नष्ट करावीत आणि हे नाव पुन्हा वापरणार नाही असं लिहून द्यावं. ‘तुम्ही कोल्हापुरात विका, मी पुण्यात विकतो’ असं तो म्हणेल. त्याला हो म्हणू नका. आणि ‘नाव माझं, तुम्हाला वापरायची परवानगी देतो’ अशा कुठल्याही कागदावर घरातल्या कोणीही सही करायची नाही, अगदी दोन हजार पाकिटांची ऑर्डर सोबत आली तरी. त्या सहीने २०१४ पुसलं जाईल.

गप्प बसणं मात्र चालणार नाही. तो वापरतोय हे माहीत असून सलग पाच वर्षं काही केलं नाही, आणि त्याची नोंद झालेली असली, तर पुढे त्याला थांबवणं फार अवघड होतं.

त्याचा फोन पुन्हा येईल. “आमचे वकील कळवतील” एवढंच बोला आणि ठेवा. रागाने दोन शब्द जास्त गेले तर तेही तो लिहून ठेवेल. व्हॉट्सॲपवर उत्तर देऊ नका.

आणि आज संध्याकाळी सासूबाईंच्या शेजारी बसून त्यांना विचारा, २०१४ चं अगदी पहिलं पाकीट कुठे ठेवलंय. तुम्हाला माहीत नसेल, पण त्यांना माहीत असेल. देवघराच्या फळीमागे, गादीखाली, लुगड्यांच्या घडीत, कुठेतरी ते असणार. मिळालं की घडी न मोडता प्लास्टिकच्या पिशवीत घाला, त्यावर काही लिहू नका, आणि बिलांच्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवून माझ्याकडे किंवा तुमच्या वकिलांकडे घेऊन या. सासूबाईंनाही सोबत आणा. प्रतिज्ञापत्र त्यांचंही लागेल.